‘५० टक्क्यांपर्यंत’: शाहू स्मारकातील एका ग्रंथप्रदर्शनाचे परीक्षण

दिवाळीच्या तोंडावर दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात पुस्तकांचे प्रदर्शन भरणे ही कोल्हापूरकरांना नवी गोष्ट नाही. यंदाचे प्रदर्शन मात्र एखाद्या वितरकाने दहा प्रकाशकांची उरलीसुरली पुस्तके गोळा करून मांडलेले नव्हते. पुण्यातील एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते स्वतःच्या नावाने, स्वतःची माणसे पाठवून आणि आठवडाभर आधीपासून शहरभर जाहिरात करून भरवले होते. त्यामुळे प्रकाशक वाचकाला कसा बोलावतो, तो दारात आल्यावर त्याच्यापुढे काय ठेवतो आणि पैसे घेऊन झाल्यावर त्याच्याशी कसा वागतो, हे सारे एकाच छपराखाली पाहता आले. संस्थेचे नाव येथे देत नाही. तिच्या ज्या खोडी पुढे सांगितल्या आहेत, त्या कमीअधिक प्रमाणात बहुतेक मराठी प्रकाशकांना लागलेल्या आहेत आणि एकट्या तिलाच चौकात उभे करणे न्यायाचे होणार नाही.

जाहिरातीपासूनच सुरुवात करायला हवी. वर्तमानपत्राच्या घडीतून आलेले गुळगुळीत कागदाचे पत्रक, रिक्षांच्या पाठीवर लावलेले फलक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे चित्र या तिन्हींचा मजकूर एकच होता. मधोमध लाल रंगात ‘५० टक्के’ हा आकडा, त्याच्या कोपऱ्यात भिंग लावून वाचावा लागेल असा ‘पर्यंत’, खाली स्थळ आणि वेळ. पत्रकाच्या दोन्ही बाजू पालथ्या घातल्या तरी एकाही पुस्तकाचे किंवा लेखकाचे नाव सापडले नाही. हाच आकडा ठेवून खाली पुस्तकांऐवजी प्रेशर कुकर लिहिले असते, तरी पत्रकात दुसरा काही फरक करावा लागला नसता. या प्रदर्शनाविषयी माझे जे म्हणणे आहे त्याचा उगम या पत्रकातच आहे: येथे किमतीची जाहिरात भरपूर आणि कल्पकतेने झाली, पुस्तकांची जवळजवळ झालीच नाही, आणि जिथे चुकून झाली, तिथेच पुस्तके खपताना दिसली.

सवलतीचा हिशेब आधी उरकून घेऊ, कारण बहुतेक लोक त्यासाठीच आले होते. निम्म्या किमतीची पुस्तके सभागृहात शिरताच डावीकडच्या दोन लांब टेबलांवर होती आणि त्यांत यशाचे मंत्र सांगणारे अनुवाद, पाककृती, बाळाची नावे आणि रंग उडालेले जुने कवितासंग्रह असा माल होता. उरलेल्या सभागृहात १५ ते २५ टक्के सवलत होती. २५ टक्के ही काही वाईट सवलत नव्हे. पण ती कशावर आहे हे पाहायला हवे. एका २४० पानांच्या कादंबरीचे उदाहरण देते. तिची मागची आवृत्ती भाऊसिंगजी रोडवरच्या एका दुकानात अजूनही ३०० रुपयांच्या छापील किमतीला आहे आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार न मागता दहा टक्के सोडतो, म्हणजे ती २७० रुपयांना पडते. प्रदर्शनात तिचीच नवी आवृत्ती ४०० रुपयांची असून ‘खास कोल्हापूरकरांसाठी’ ती ३०० रुपयांना होती. पावतीवर ‘आपली बचत १०० रुपये’ असे ठळक छापून येते, आणि प्रत्यक्षात वाचक तीस रुपये जास्त मोजून घरी जातो. कागदाचे आणि छपाईचे दर वाढले आहेत, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु नवी आवृत्ती जाड, फुगीर कागदावर, मोठ्या टाइपात आणि ऐसपैस समास सोडून काढायची, तिची पाने आणि किंमत त्या मानाने वाढवायची आणि मग त्या वाढीतूनच सवलत द्यायची, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की छापील किंमत ही केवळ खोडण्यासाठी छापतात की काय, अशी शंका येते.

यात आणखी एक गोष्ट वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रकाशक विक्रेत्याला छापील किमतीवर तीस-चाळीस टक्के कमिशन देतो आणि मधल्या वितरकाला त्याहून जास्त. स्वतः प्रदर्शन भरवल्यावर ती सगळी रक्कम त्याच्याकडेच राहते. तेव्हा २५ टक्के सवलत देऊनही त्याच्या हातात एरवीपेक्षा अधिक पैसे पडू शकतात. सभागृहाचे भाडे आणि माणसांचा खर्च मात्र त्यातून वजा करावा लागतो. व्यवहार म्हणून यात काहीही गैर नाही. फक्त वर्षभर ज्याने याच संस्थेची पुस्तके कपाटात मांडून ठेवली, उधारी सांभाळली आणि वाचकांना सुचवली, त्या कोल्हापूरच्या दुकानदाराचा ऐन दिवाळीतला धंदा अशा दहा दिवसांत बसतो, आणि पुढे जून महिन्यात नवे पुस्तक विकायला प्रकाशकाला तोच दुकानदार हवा असतो.

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडे. सभागृह प्रशस्त, उजेड चांगला, टेबलांमधून दोन माणसे सहज जातील एवढी जागा आणि विषयवार मांडणी. या बाबतीत पुण्याच्या मंडळींनी काहीही कसूर ठेवली नव्हती. पण दोनशे रुपयांवरची जवळजवळ प्रत्येक प्रत पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट लपेटलेली होती. कोल्हापूरच्या पावसाळी ओलीपासून, धुळीपासून आणि तेलकट बोटांपासून पुस्तक वाचवायचे तर हे आवरण उपयोगी आहे, हे मान्य. तथापि प्रत्येक पुस्तकाची एक प्रत उघडी ठेवली असती तर हरवण्यासारखे काय होते? ग्रामीण अर्थकारणावरच्या एका पुस्तकाची अनुक्रमणिका पाहायची आहे असे मी टेबलाजवळच्या मुलाला म्हटले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “मॅडम, फोडलं की घ्यावं लागतंय. वरनं सांगितलंय तसं.” मग निदान पुस्तकात काय आहे ते तरी सांगा, असे विचारल्यावर त्याने पुस्तक उलटून पाहिले, मागचा मजकूर मनातल्या मनात वाचला आणि उत्तर दिले, “स्कीममध्ये हाय बघा हे. तीन घेतली तर पस्तीस टक्के.” दोष त्या मुलाचा नाही. तो येथल्याच एका महाविद्यालयात शिकणारा, रोजावर ठेवलेला; त्याला सवलतीचे दर पाठ करून दिले होते आणि पुस्तकांविषयी कोणी एक वाक्यही सांगितले नव्हते. एका संध्याकाळी तासभर बसवून प्रत्येक टेबलावरच्या वीस-पंचवीस पुस्तकांची ओळख या मुलांना करून दिली असती, तर पत्रकांवर झालेल्या खर्चाच्या मानाने ते फुकटातच पडले असते.

पुस्तक उघडता येत नसले की वाचकाच्या हाती मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एवढेच उरते. म्हणून या दोन पृष्ठांबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

मुखपृष्ठांची बाजू एकंदरीत चांगली. मराठीत मुखपृष्ठ हे जाहिरातीचे सर्वांत जुने आणि सर्वांत प्रामाणिक साधन आहे. दीनानाथ दलालांच्या काळात वाचक चित्रकाराची शैली लांबून ओळखत आणि चित्र पाहून पुस्तक हातात घेत. या संस्थेनेही चित्रकार आणि अक्षरकार यांच्यावर हात आखडलेला दिसत नाही. कथासंग्रहांची मुखपृष्ठे तर एकेक थांबून पाहावीत अशी आहेत. तक्रार आहे ती ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल: कोणत्याही शतकाची आणि कोणत्याही घराण्याची कथा असो, केशरी आभाळ, पाठमोरा घोडेस्वार आणि सोनेरी, उठावदार अक्षरे हा साचा ठरलेला. टेबलावर अशी एकोणीस-वीस पुस्तके शेजारी शेजारी ठेवली की त्यांतले एकही वेगळे दिसत नाही, आणि जाहिरातीचा हेतूच फसतो.

मलपृष्ठांबद्दल मात्र चांगले बोलणे कठीण आहे. ‘वाचकाला अंतर्मुख करणारी’, ‘मनाचा ठाव घेणारी’, ‘मानवी नात्यांचे विविध पदर उलगडणारी’, ‘प्रत्येकाच्या संग्रही असावी अशी’ ही विशेषणे मी एका रांगेतल्या पुस्तकांवर वाचत गेले आणि थोड्याच वेळात हा खेळ होऊन बसला: पुढच्या पुस्तकावर कोणते येणार हे आधी ओळखायचे. एका कादंबरीचा आणि एका आत्मकथनाचा मजकूर आपापसांत बदलला असता तर लेखकांखेरीज कोणाच्या लक्षात आले नसते. कथानक कोठे घडते, माणसे कोणत्या धंद्यातली आहेत, पेच काय आहे, भाषा कोणत्या वळणाची आहे, यांतले काहीच जर सांगायचे नसेल तर ती जागा कोरी सोडलेली बरी. अनुवादित पुस्तकांवर तर मूळ पुस्तक किती भाषांत गेले आणि किती प्रती खपल्या एवढेच असते; अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर येते ही त्यातल्या त्यात प्रगती म्हणायची. शिवाय सही करून छापलेल्या शिफारशी असतात. त्या देणारे मान्यवर ठरावीकच असून त्यांनी पुस्तक वाचले आहे असा पुरावा त्या शिफारशींत क्वचितच सापडतो.

याला एक लक्षणीय अपवाद होता. करवीर (म्हणजे कोल्हापूर) संस्थानाच्या प्रशासनावरच्या एका ग्रंथाच्या मलपृष्ठावर स्तुतीचा एकही शब्द नव्हता. कोणत्या दप्तरांतील मोडी कागद वापरले, कोणता कालखंड घेतला, कोणते प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवले आणि आधीच्या अभ्यासकांपेक्षा लेखकाचे मत कोठे वेगळे पडते, हे दहा-बारा ओळींत सांगितले होते आणि त्याखाली प्रकरणांची नावे छापली होती. किंमत ७५० रुपये आणि सवलत सर्वांत कमी, १५ टक्के. राजर्षी शाहूंच्या काळातली वसतिगृहे ज्या चौकाच्या आसपास उभी आहेत तेथेच हा ग्रंथ विकायला ठेवला आहे, याचा फायदा त्याला मिळाला असणारच. तरीही दुपारपर्यंत असलेला त्याचा गठ्ठा संध्याकाळी निम्म्यावर आला होता. या मजकुराचा लेखक संस्थेत जो कोणी असेल, त्याच्याकडे बाकीची मलपृष्ठेही सोपवावीत.

आवृत्त्यांचे बिल्ले हा आणखी एक प्रकार. ‘अवघ्या सहा महिन्यांत पाचवी आवृत्ती’ अशी गोल, सोनेरी चकती पाहिली की आपण मागे राहिलो असे वाटावे, ही तिची योजना. आवृत्ती किती प्रतींची, हे मात्र कोठेही छापलेले नसते. पूर्वी मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हणजे हजार प्रती असे सर्वसाधारणपणे धरले जाई. आता हवे तेव्हा हव्या तेवढ्या प्रती छापून देणारी यंत्रे आल्यापासून दोनशे-तीनशे प्रतींचीही आवृत्ती निघते, आणि नुसत्या पुनर्मुद्रणालाही आवृत्ती म्हणायची रीत पडली आहे. मजकुरात दुरुस्ती किंवा भर असेल तर ती नवी आवृत्ती, नसेल तर पुनर्मुद्रण, हा साधा भेद पाळणारे प्रकाशक मराठीत आहेत. ते आतल्या पहिल्या पानांवर प्रत्येक मुद्रणाचे वर्ष देतात. पण ते पान पाहण्यासाठी पुन्हा प्लास्टिक फोडावे लागते.

सभागृहाच्या एका कोपऱ्यात ‘ग्रंथालयांसाठी’ अशी पाटी लावलेले टेबल होते आणि तेथे खुर्च्या, चहा व छापील याद्या अशी सर्व व्यवस्था होती. कागल, गडहिंग्लज, राधानगरी या बाजूंनी आलेले ग्रंथपाल याद्यांवर खुणा करत बसले होते. मराठी प्रकाशनाचा कणा अजूनही येथे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली अ, ब, क, ड वर्गांतल्या ग्रंथालयांना मिळणाऱ्या अनुदानातून जी खरेदी होते, तिच्या भरवशावर कित्येक पुस्तकांची पहिली आवृत्ती निघते. या ग्राहकाला मलपृष्ठ मोहवत नाही. त्याला यादी, सवलत आणि वेळेवर बिल हवे असते. प्रकाशकांनी अनेक दशके हाच ग्राहक डोळ्यांपुढे ठेवल्यामुळे एकट्यादुकट्या वाचकाशी बोलायची त्यांची सवय मोडली असावी, असे मला वाटते. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर ज्या शहरात आहे, तेथला वाचक पुस्तक आधी ग्रंथालयातून आणून वाचतो, आवडले आणि पुन्हा लागेल असे वाटले तर विकत घेतो. त्याला विकत घ्यायला लावायचे तर पुस्तकाबद्दल काहीतरी नेमके सांगावे लागते. टक्केवारीने त्याचे समाधान होत नाही.

हे नेमके सांगणे कसे असते, ते याच प्रदर्शनात एका संध्याकाळी पाहायला मिळाले. ‘लेखक आपल्या भेटीला’ या सदरात बहुतेक दिवशी सत्कार, मनोगत आणि छायाचित्रे असा ठरीव कार्यक्रम होत होता. सूत्रसंचालक प्रेक्षकांना रील काढून संस्थेला टॅग करायला सांगत आणि त्यातून सोडत काढून पुस्तक बक्षीस देत. त्या संध्याकाळी मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या एका तरुण लेखकाने सत्काराची शाल बाजूला ठेवून पहिल्या कादंबरीतले एक प्रकरण वाचून दाखवले. रात्रीच्या गुऱ्हाळाचे वर्णन होते: चुलवाणात चिपाड सारणारा पोर, काहिलीतल्या, म्हणजे मोठ्या कढईतल्या पाकाकडे डोळे लावून बसलेला गुळव्या, उतरवण्याची वेळ साधली नाही तर आधण वाया जाईल म्हणून दबलेले आवाज, आणि या सगळ्यात बापलेकांत उसाच्या बिलावरून पेटत गेलेले भांडण. भाषा अस्सल पन्हाळ्याच्या बाजूची. वाचन अर्ध्या तासाहून जास्त चालले नसेल. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मध्येच “आता काहील उतरा की!” असे म्हटले आणि सगळे हसले. भांडण ऐन भरात असताना लेखकाने पुस्तक मिटले. त्यानंतर विक्रीच्या टेबलाशी जी रांग लागली, तिच्यात सवलत किती हे विचारणारे मी कोणाला ऐकले नाही. प्रती संपल्या आणि उरलेल्यांची नावे वहीत लिहून घ्यावी लागली. संस्थेच्या व्यवस्थापकांना याचे आश्चर्य वाटलेले दिसले, आणि त्यांच्या आश्चर्याचे मला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्कार आणि रील.

मराठीतल्या प्रकाशकांना हे कधीच माहीत नव्हते असे नाही. ‘मॅजेस्टिक’ने १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक सुरू केले तेव्हा त्यात केवळ स्वतःच्या पुस्तकांचा डांगोरा पिटला नाही. कोणाचे कोणते नवे पुस्तक येते आहे, लेखक सध्या काय लिहितो आहे, हे सर्वच प्रकाशकांबद्दल वाचकाला कळू लागले, आणि ठणठणपाळाच्या (म्हणजे जयवंत दळवींच्या) सदरातली थट्टा वाचायला म्हणून अंक उघडणारा माणूस चार पुस्तकांची नावे लक्षात ठेवून तो मिटत असे. १९७४ मध्ये ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी राहिली, तिने तर वाचकालाच सभासद करून घेतले, ग्रंथयात्रा काढून पुस्तके गावोगाव नेली, आणि ‘बलुतं’, ‘उपरा’ यांसारख्या आत्मकथनांना असा वाचक मिळवून दिला, ज्याला तोवर कोणी गिऱ्हाईक समजत नव्हते. स्वस्ताईचा भाग या दोन्हींत होता, पण ती पुस्तकाच्या मागून येत असे. आपल्या शहरापुरते बोलायचे तर मेहता पब्लिशिंग हाउसची सुरुवात कोल्हापुरातलीच, आणि ‘मेहता मराठी ग्रंथजगत’सारखे स्वतःच्या पुस्तकांची ओळख करून देणारे मासिक चालवणे हा त्याच परंपरेतला प्रयत्न. कॉम्रेड गोविंद पानसरे यांची १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘शिवाजी कोण होता?’ ही लहानशी पुस्तिका तर कोणत्याही फलकाशिवाय, सभांमधून आणि कार्यकर्त्यांच्या पिशव्यांमधून लाखाच्या वर खपली. ती स्वस्त होती हे खरेच आहे. पण स्वस्त पुस्तिका त्या काळात ढिगाने निघत होत्या आणि पडूनही राहत होत्या. हिच्यात काय म्हटले आहे हे देणारा घेणाऱ्याला सांगू शकत होता.

त्या मानाने आज प्रकाशकाच्या हातात असलेली साधने अफाट आहेत, म्हणून त्यांचा वापर पाहून अधिकच वाईट वाटते. पैसे भरताना पावतीसाठी म्हणून मोबाईल क्रमांक मागतात; तो दिला की रोज सकाळी एक संदेश येऊ लागतो. ‘आज शेवटचा दिवस’, ‘लोकाग्रहास्तव दोन दिवस मुदतवाढ’, ‘५०० च्या खरेदीवर दिनदर्शिका मोफत’. मी घेतलेली पुस्तके संस्थेच्या नोंदीत आहेत. मला कशात रस आहे हे तिला कोणत्याही मासिकाच्या संपादकापेक्षा अधिक कळू शकते. तरीही कवितासंग्रह घेणाऱ्या मला स्पर्धा परीक्षेच्या संचाचा आणि वजन घटवण्याच्या पुस्तकाचा संदेश आला. याच मार्गाने नव्या पुस्तकाची चार पाने पाठवली असती तर ती मी नक्की वाचली असती. संदेश थांबवण्याची सोय मात्र नीट चालते, हे नमूद करायला हवे. एक शब्द उलट पाठवल्यावर ते त्याच दिवशी बंद झाले.

प्रकाशनपूर्व सवलतीचा विभाग स्वतंत्रपणे तपासण्याजोगा आहे, कारण तेथे वाचक अजून न छापलेल्या पुस्तकाचे पैसे देतो. मोठे, बहुखंडी काम हाती घ्यायचे तर भांडवल आधी उभे करावे लागते आणि मराठीत अनेक चांगले ग्रंथ या योजनेमुळेच निघू शकले आहेत, म्हणून मुळात ही पद्धत मला मान्य आहे. या प्रदर्शनात एका चार खंडी चरित्रकोशाची नोंदणी चालू होती: छापील किंमत ३,२०० रुपये, आता भरल्यास १,९००. नमुन्यादाखल सोळा पाने छापून ठेवली होती, ती चाळता येत होती, आणि बालविभाग सोडला तर एवढी एकच महाग गोष्ट सभागृहात प्लास्टिकविना असावी हा योगायोग गमतीचा होता. नमुना पाने उत्तम आहेत. नोंदी नेटक्या, संदर्भ दिलेले. पण पत्रकावर प्रकाशनाची तारीख ‘लवकरच’ अशी आहे. पूर्वी एका दुसऱ्या संस्थेच्या अशाच योजनेत पैसे भरून वर्ष उलटून गेल्यावर, चार वेळा फोन केल्यानंतर माझे खंड घरी आले होते आणि तोवर तेच खंड दुकानात जवळपास त्याच किमतीला मिळू लागले होते. म्हणून येथे मी महिना लिहून मागितला. व्यवस्थापकांनी कुरकुर न करता पावतीच्या मागे महिना, टपालखर्च कोणाचा आणि विलंब झाल्यास रक्कम परत, असे तिन्ही लिहून सही दिली. ते इतक्या सहज लिहून देत असतील तर छापतच का नाहीत, हा प्रश्न उरतो. ज्यांना नोंदणी करायची असेल त्यांनी असे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पुस्तकांनाही लागू आहे, पण हातात कागद नसला तर त्याचा उपयोग थोडा.

बाकी सोयींबद्दल थोडक्यात. बिल लवकर होते, यूपीआय चालते, पिशवीचे दहा रुपये वेगळे. शहरात घरपोच सेवा ५०० रुपयांवर मोफत आहे आणि माझा गठ्ठा दुसऱ्या दिवशी राजारामपुरीत सुस्थितीत पोचला. बालविभाग प्रदर्शनातला सर्वांत जिवंत भाग होता. तेथे सतरंजी अंथरून पुस्तके मोकळी ठेवली होती, मुले ती खुशाल उघडत, लोळत वाचत होती, काही पाने दुमडलीही असतील. आणि आईबापांना त्यांना उठवून नेण्यासाठी पुस्तक घ्यावेच लागत होते. गाडी लावायची अडचण मोठी आहे. सुट्टीत अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांनी दसरा चौक भरलेला असतो, तेव्हा दुचाकीने किंवा चालत जावे आणि शक्यतो सकाळी जावे.

काय घ्यावे असे विचाराल तर निम्म्या किमतीच्या टेबलाकडे पाठ फिरवू नका, फक्त वरची चळत बाजूला करायची तयारी ठेवा. तळाला गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले ललितनिबंधांचे आणि कवितांचे असे संग्रह आहेत, जे पुन्हा छापले जाण्याची शक्यता कमी आहे, आणि त्यांच्यावर अजून जुनीच, ८० ते १२० रुपयांची किंमत आहे. नव्या कादंबऱ्या आपल्या नेहमीच्या दुकानात पाहून मगच घ्याव्यात. तेथे त्या उघडून वाचता येतात. करवीर संस्थानावरचा ग्रंथ १५ टक्क्यांतही घेण्याजोगा आहे. गुऱ्हाळाच्या कादंबरीच्या प्रती पुण्याहून पुन्हा मागवल्या आहेत असे सांगण्यात आले.

सदोष प्रत बदलून मिळते, पण प्रदर्शन संपेपर्यंतच आणि याच ठिकाणी. नंतर ती स्वखर्चाने पुण्याला पाठवावी लागते. माझ्या एका पुस्तकात सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा जुडगा, दोनदा लागला होता आणि त्याच्या पुढचा अजिबात नव्हता. ती प्रत हुज्जत न घालता बदलून दिली गेली. तेव्हा पैसे भरल्याबरोबर काउंटरवरच प्लास्टिक फोडून पाने मोजून घ्यावीत. त्यासाठी कात्री मागितली तर देतात.